परदेशातलं पहिलं हॉटेल बुकिंग: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

हॉटेल बुक करायला बसलं की नजर आधी फोटोंवर जाते, मग भावावर. तारखा, नावं, अटी मागे राहतात. सापुताऱ्याला किंवा अबूला ते चालून जातं. खोली आवडली नाही तर शेजारी विचारता येतं, पाचव्या माणसासाठी गादी टाकून मिळते, मॅनेजरशी बोलून एक दिवस पुढेमागे करता येतो. परदेशात बुकिंग म्हणजे करार असतो. काउंटरवर बसलेल्या माणसाची इच्छा असली तरी तो बदलण्याचा अधिकार त्याला बहुतेक वेळा नसतो. म्हणून काम या क्रमाने करा: तारखा, व्हिसा, वस्ती, खोलीतली माणसं, एकूण रक्कम, कार्ड. फोटो सर्वांत शेवटी.

तारखा

पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक तारखेची असते, आणि ती होते मध्यरात्रीच्या विमानांमुळे. बडोद्याची बहुतेक मंडळी परदेशी विमान अहमदाबादहून किंवा मुंबईहून पकडतात, आणि ही विमानं बरीचशी रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ११ मे, ००:४० असं लिहिलं असेल तर घरातून निघायचं १० मेच्या संध्याकाळी. हॉटेलची तारीख मात्र निघण्यावरून ठरवू नका. विमान उतरतं कधी, तिथल्या घड्याळात, हे तिकिटावर बघा आणि त्यावरून ठरवा.

आता दोन प्रसंग वेगळे करा.

पहिला: तुम्ही १२ तारखेला पहाटे दीड वाजता दुबईत उतरताय. अडीच-तीनला हॉटेलात पोहोचाल आणि लगेच झोपायचं आहे. अशा वेळी बुकिंग ११ तारखेपासून हवं. १२ पासून केलंत तर खोली दुपारी दोन-तीनला मिळेल आणि म्हातारी माणसं लॉबीतल्या सोफ्यावर रात्र काढतील.

दुसरा: तुम्ही ११ तारखेला सकाळी सिंगापुरात उतरताय. बुकिंग ११ चं असेल तरी खोलीचा ताबा दुपारीच मिळतो. सामान रिसेप्शनवर ठेवून फिरायला जाता येतं, बहुतेक हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत. पण बरोबर आजी-आजोबा किंवा तान्हं मूल असेल तर १० ची रात्रही घ्यावी. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

आधीची रात्र घेतली असेल तर हॉटेलला लेखी कळवायलाच हवं: “आम्ही १० ची रात्र मुद्दाम घेतली आहे, ११ ला सकाळी आठच्या सुमारास पोहोचू.” हे कळवलं नाही तर रात्री कोणी आलं नाही म्हणून ते तुम्हाला ‘नो-शो’ धरतात. नो-शो झालं की पहिली रात्र जाते एवढंच नाही, बऱ्याच ठिकाणी पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द होतात आणि खोली दुसऱ्याला दिली जाते. विमान उशिरा आलं, जोडविमान चुकलं, तरी हाच नियम. उशीर होतोय असं दिसलं की विमानतळावरूनच मेल टाका, फोन करा.

रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या गावच्या घड्याळाने चालते. टोकियोतलं हॉटेल ‘५ मे, रात्री ११:५९ पर्यंत मोफत रद्द’ म्हणत असेल तर बडोद्यात तेव्हा रात्रीचे ८:२९ वाजलेले असतात. जेवणं झाल्यावर निवांत रद्द करायला बसलात तर मुदत गेलेली. अमेरिकी साइटवर ०५/०६ म्हणजे ६ मे, युरोपी साइटवर ५ जून. महिन्याचं नाव अक्षरात दिसेल तेच पान प्रिंट करा.

सुट्ट्यांचंही बघा. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीची सुरुवात जपानच्या ‘गोल्डन वीक’शी भिडते, साधारण २९ एप्रिल ते ५ मे. तेव्हा सारा जपान प्रवासाला निघतो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट भावात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी सुट्टी असते, तिचा ताण बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगवर येतो. ऑक्टोबरात फ्रँकफर्टला पुस्तक मेळा असतो आणि त्या दिवसांत तिथली साधी खोलीही परवडत नाही. तारखा चार दिवस पुढे सरकवता येत असतील तर हॉटेल शोधण्याआधी हे तपासा.

व्हिसा आणि हॉटेलच्या रात्री

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पत्ता दाखवावा लागतो. एकही रात्र रिकामी चालत नाही. रात्रीच्या रेल्वेत झोपणार असाल तर त्या रात्रीसाठी रेल्वेचं तिकीट जोडा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हेही मुक्कामावरूनच ठरतं: जिथे सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे. दिवस सारखेच भरले तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे.

याचा अर्थ, आधी हॉटेलं घेऊन मग व्हिसाचं बघू असं करता येत नाही. समजा दहा रात्री आहेत: पॅरिस ३, इंटरलाकेन ४, रोम ३. अर्ज स्वित्झर्लंडकडे. मध्येच कोणी म्हणालं पॅरिसला एक दिवस वाढवू आणि इंटरलाकेनचा एक काढू, की फ्रान्सच्या चार रात्री झाल्या आणि अर्ज फ्रान्सकडे गेला. अपॉइंटमेंट स्विसची घेतलेली असेल तर ती वाया. म्हणून रात्रींचं वाटप घरात एकदा पक्कं करा, कागदावर लिहा, आणि मगच अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मे-जूनच्या गर्दीत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. अर्ज घेणारं केंद्र अहमदाबादला आहे की मुंबईलाच जावं लागेल, हे देशागणिक बदलतं. हॉटेल धरण्याआधी तेही बघून घ्या.

मोठ्यांची फी ९० युरो, सहा पूर्ण पण बारा वर्षांखालच्या मुलांची ४५, सहाखालच्यांना माफ. व्हिसा नाकारला गेला तरी फी परत येत नाही, आणि परत न मिळणाऱ्या भावात घेतलेली हॉटेलंही परत येत नाहीत. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत फक्त मोफत रद्द होणारी बुकिंगं करा. ती खरी असतात, दूतावासाने हॉटेलला विचारलं तरी नाव सापडतं.

दोन-पाचशे रुपयांत ‘व्हिसापुरतं बुकिंग’ बनवून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. कागद खोटा निघाला तर अर्ज नाकारला जातोच, शिवाय ती नोंद पुढच्या अर्जांना चिकटून राहते. व्हिसा आल्यावर एखादं हॉटेल बदललं तर बिघडत नाही. पण अर्जात चार रात्री इंटरलाकेन लिहून प्रत्यक्षात तिथे जायचंच नाही, असं करू नका. विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाचे कागद मागू शकतो.

मुलीकडे किंवा भाच्याकडे राहणार असाल तर त्या रात्रींसाठी साधं पत्र नेहमी पुरत नाही. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून निमंत्रणाचा अधिकृत दाखला काढावा लागतो. जर्मनीत यजमान खर्चाची हमी घेणार असेल तर त्याने तिथल्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करायचं असतं. याला वेळ लागतो, तेव्हा तिकडच्या माणसाला लवकर कामाला लावा.

अमेरिका आणि ब्रिटनचं उलट आहे. व्हिसा मिळेपर्यंत पैसे गुंतवू नका असंच त्या देशांचं सांगणं असतं. कुठे राहणार तो पत्ता अर्जात भरावा लागतो, पैसे भरलेलं बुकिंग लागत नाही.

कुठे राहायचं

शहराचं नाव हॉटेलच्या नावात असणं म्हणजे ते शहरात असणं नव्हे. ‘व्हेनिस’ म्हणून विकली जाणारी कितीतरी हॉटेलं मेस्त्रेला आहेत, म्हणजे पाण्यापलीकडे, मुख्य भूमीवर. मेस्त्रे वाईट नाही, स्वस्त आहे, रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला जाता येतं, पण ते माहीत असून घ्यावं. विमानतळांचंही तसंच: फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ८०-८५. स्वस्त तिकिटाचे वाचलेले पैसे तिथून शहरात येण्यात जातात.

नकाशावर तीन गोष्टी मोजा. मेट्रो किंवा रेल्वे स्टेशन पायी किती मीटर. ५०० पर्यंत ठीक, म्हणजे साधारण मांडवीपासून लहरीपुरा दरवाजापर्यंतचं अंतर, पण चाकांची बॅग ओढत. मग रस्ता चढाचा आहे का, दगडी फरसबंदीचा आहे का. लिस्बनमध्ये किंवा रोमच्या जुन्या भागात हे महत्त्वाचं ठरतं, आणि रस्त्यावरचे फोटो दाखवणाऱ्या नकाशात ते दिसतं. तिसरं म्हणजे तुमचं विमान उतरेल तेव्हा विमानतळावरून रेल्वे चालू असते का. टोकियो, पॅरिस, सिंगापूर, सगळीकडे मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास थांबते. नंतर टॅक्सी, आणि नारिता विमानतळापासून टोकियोची टॅक्सी फार महाग पडते.

शाकाहारी घरांसाठी वस्तीची निवड जेवणावरून करणं शहाणपणाचं आहे. दिवसभर कुठेही फिरा, रात्रीचं जेवण हॉटेलच्या जवळ मिळालं की प्रवास सोपा होतो. दुबईत बर दुबई आणि करामा, सिंगापुरात सेरंगून रोडचा लिटल इंडिया, क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स, बँकॉकला पाहुरात, पॅरिसला गार द्यू नॉरमागचा ला शापेल भाग, टोकियोत भारतीय कुटुंबांची वस्ती असलेलं निशी-कासाई. निशी-कासाई शहराच्या पूर्व टोकाला आहे पण थेट मेट्रो आहे. लंडनचं वेम्बली मात्र फक्त जेवणासाठी निवडू नका, मध्य लंडनपासून रोजचा जाण्यायेण्याचा वेळ फार जातो.

हॉटेलच्या खोलीत कुकर, इंडक्शन चालत नाही. धुराचा अलार्म वाजला तर दंड होतो, आणि फोडणीचा धूर त्याला पुरतो. थालीपीठ करायचंच असेल, लहान मुलाला वरणभात लागतच असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्ट-हॉटेल घ्या आणि त्याच्या सुविधांच्या यादीत ‘हॉब’, म्हणजे शेगडी, आहे का बघा. नुसतं ‘किचनेट’ लिहिलेल्या ठिकाणी कधीकधी फ्रिज आणि मायक्रोवेव्हच असतो. उकळत्या पाण्यावर होणारे पोहे-उपमा नेत असाल तर किटली आहे का हे विचारा. ब्रिटन आणि पूर्व आशियात ती बहुतेक असते, युरोपच्या मुख्य भूमीवर पुष्कळदा नसते.

घरगुती फ्लॅट भाड्याने घ्यायचा असेल तर कायदा बघून घ्या. सिंगापुरात खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी देणं बेकायदा आहे, सरकारी गृहसंकुलात तर सहा महिन्यांपेक्षा. तिथे कोणी चार रात्रींसाठी फ्लॅट देऊ करत असेल तर तो नाकारा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या घरांवर कडक निर्बंध आहेत. जपानात अशा घराला परवाना क्रमांक लागतो आणि इटलीत २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक. जाहिरातीत क्रमांक दिसत नसेल तर पुढे जा. बेकायदा घर शेवटच्या दिवशी रद्द होतं, आणि तेव्हा हाताशी काहीच नसतं.

खोली: माणसं किती, पलंग किती

चौघांचं कुटुंब दोन मोठे म्हणून बुक करतं आणि मुलं ‘अशीच’ झोपतील असं धरतं. असं करू नका. युरोपात आणि जपानात खोलीत किती माणसं झोपू शकतात हे आगीच्या सुरक्षेच्या नियमांशी बांधलेलं असतं. मूल लहान असलं तरी पुष्कळदा माणूस म्हणून मोजलं जातं. काउंटरवर चौघं दिसली की दुसरी खोली त्या दिवशीच्या भावात घ्यावी लागते, आणि ती शिल्लक नसेल तर त्याहून वाईट. शोधतानाच मुलांची संख्या आणि प्रवासाच्या दिवशीचं पूर्ण झालेलं वय भरा. साइट आपोआप योग्य खोल्या दाखवते.

‘डबल’ म्हणजे एक पलंग, ‘ट्विन’ म्हणजे दोन सुटे. सासू-सुनेला एका खोलीत राहायचं असेल तर ट्विन. युरोप-जपानातला डबल पलंग अनेकदा १४० सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे साडेचार फुटांचा असतो. आपल्या सहा फुटी पलंगाच्या सवयीने मूल मध्ये घेऊन झोपायचं ठरवलं तर झोप होणार नाही. ‘सोफा बेड’ लिहिलेलं असेल तर तो अंथरून तयार मिळतो की चादरींचे वेगळे पैसे, तेही विचारा.

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहितात. त्याला १०.७६ ने गुणा म्हणजे चौरस फूट. टोकियोतली साधी खोली १२ ते १४ चौरस मीटर असते, म्हणजे १३० ते १५० चौरस फूट, बाथरूम धरून. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. हे हॉटेल वाईट असल्याचं लक्षण नाही, तिथली ती रीत आहे. बॅगा लहान न्याव्यात.

स्वस्त खोलीत या गोष्टी नसू शकतात, आणि साइट त्या ठळक सांगत नाही:

खिडकी. सिंगापूर, हाँगकाँग, लंडनमध्ये बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. खोलीच्या नावात ‘विंडो’ आहे का बघा.

लिफ्ट. पॅरिस-रोमच्या जुन्या इमारतींत नसते, किंवा एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच असते. तिथे तळमजला शून्य धरतात, म्हणजे ‘तिसरा मजला’ म्हणजे तीन जिने पूर्ण. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही पहिली चौकशी.

एसी. युरोपातल्या बऱ्याच लहान हॉटेलांत नसतो. मे महिन्यात चालेल, जुलैत रोमला चालणार नाही.

स्वतःचं बाथरूम. ‘शेअर्ड’ शब्द दिसला तर ते मजल्यावर सगळ्यांसाठी आहे.

संडासातला पाण्याचा फवारा. थायलंड, मलेशिया, आखातात असतो. जपानात बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारी धुण्याची सोय असते. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नसतो. एक हलका प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. लाजण्यासारखं त्यात काही नाही आणि ज्येष्ठांसाठी तो आवश्यकच आहे.

तारांकनावर विसंबू नका. एका देशाचे तीन तारे दुसऱ्या देशाच्या तीन ताऱ्यांसारखे नसतात. परीक्षणं वाचताना दहापैकी दहा आणि एक देणारी सोडा, पाच-सात गुण देणारी आणि गेल्या सहा महिन्यांतली वाचा. ती लिहिणारे लोक आवाज, पाण्याचा दाब, उशिरा आल्यावर दार कोण उघडतं असं नेमकं सांगतात.

दिसणारा भाव आणि लागणारी रक्कम

यादीत दिसणारा आकडा आणि निघताना दिलेली रक्कम यांत फरक पडतो, कारण काही कर हॉटेलात जाऊन वेगळे द्यायचे असतात. बुकिंगच्या पानावर ‘प्रॉपर्टीवर देय’ अशी बारीक ओळ असते. तीच वाचायची.

रोममध्ये शहर कर माणशी, रात्रीमागे लागतो: तीन तारांकित हॉटेलला ६ युरो, चार तारांकितला ७.५०. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. आई, वडील आणि आठ वर्षांचं मूल तीन रात्री तीन तारांकित हॉटेलात राहिले तर २ × ३ × ६ = ३६ युरो वेगळे. दुबईत हा कर माणशी नसून खोलीमागे आहे, रोज ७ ते २० दिरहॅम, हॉटेलच्या दर्जानुसार. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रोज १० रिंगिट. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भावावर १२.५ टक्के. क्योटोने १ मार्च २०२६ पासून दर वाढवले आहेत, खोलीच्या भावानुसार माणशी रोज २०० येनपासून थेट १०,००० येनपर्यंत. भूतानला जाणाऱ्या भारतीयांना हॉटेलशिवाय माणशी रोज १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं; मोठ्या कुटुंबाचा हिशेब त्यानेच बदलतो.

सिंगापुरात भावापुढे दोन अधिक चिन्हं (++) दिसली तर त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग ९ टक्के जीएसटी लागतो. २०० डॉलरची खोली २३९.८० ला पडते. जपानात भाव पुष्कळदा माणशी असतो, खोलीमागे नव्हे. दोन साइटची तुलना करताना दोन्हीकडे शेवटच्या पानापर्यंत जाऊन, सगळे कर धरून, नाश्ता आहे की नाही ते बघून आकडा उतरवा. पहिल्या पानावरचे आकडे एकमेकांशी तोलण्यात अर्थ नाही.

नाश्त्याबद्दल एवढंच: शाकाहारी माणसाला युरोपी नाश्त्यात पाव, लोणी, जॅम, चीज, फळं, दही, सीरियल मिळतं. त्यासाठी माणशी १५ युरो मोजणं सहसा फायद्याचं नसतं. खोलीच्या भावात असेल तर घ्या.

टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. तो गेलेला पैसा नव्हे. पॅन बरोबर दिला असेल तर तुमच्या आयकराच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो.

कार्ड

बँक कार्ड देते तेव्हा ते फक्त भारतात चालतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो, बँकेच्या ॲपमधून. ऑनलाइन आणि मशीनवरचा वापर ही दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही चालू करा आणि मर्यादा ठरवा. बुकिंग ‘डिक्लाइन’ होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

परदेशी चलनातल्या खर्चावर बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्के धरले तर एक लाखाच्या हॉटेलबिलावर ४,१३० रुपये. परदेशी मशीनवर ‘रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात’ असं विचारलं की नेहमी स्थानिक चलन. रुपये निवडले तर मशीनवाल्याचा दर लागतो, आणि तो बँकेपेक्षा महाग असतो.

हॉटेल पोहोचल्यावर अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर हे जाणवत नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर (परदेशी चलन आधी भरून घेतलेलं कार्ड) मात्र तेवढी शिल्लक गोठते आणि मोकळी व्हायला पंधरा-वीस दिवसही लागतात. सगळा प्रवासखर्च एकाच फॉरेक्स कार्डावर असेल तर पहिल्याच हॉटेलात अडचण होते. अनामतीला क्रेडिट कार्ड, रोजच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड, अशी वाटणी करा.

बडोद्यातल्या अनेक घरांत बुकिंग अमेरिकेतला मुलगा करतो आणि जातात आई-वडील. त्याच्या कार्डाने पूर्ण पैसे आधी भरले असले तरी काउंटरवर अनामतीसाठी कार्ड मागतात, आणि काही हॉटेलं ज्या कार्डाने पैसे भरले तेच दाखवा म्हणतात. मुलाने हॉटेलला आधी मेल करावा: पाहुणे माझे पालक आहेत, पैसे माझ्या कार्डावरून गेले आहेत, लागणारा अधिकारपत्राचा फॉर्म पाठवा. आई-वडिलांच्या हातात त्यांच्या नावाचं एक कार्ड किंवा अनामतीपुरती स्थानिक रोकड असू द्या.

नावं

पासपोर्टवर जसं आहे तसं. आपल्या नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि पासपोर्टवर ते दिलेल्या नावाच्या रकान्यात असतं. गुजरातच्या कागदपत्रांमुळे काहींच्या नावाला भाई, बेन, कुमारही जोडलेलं असतं. ते सगळं, त्याच क्रमाने. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर बुकिंगही माहेरच्या नावाने. आणि खोलीतल्या प्रत्येकाचं नाव घाला, फक्त पहिल्याचं नाही. व्हिसासाठी ज्यांची नावं बुकिंगवर नाहीत त्यांचा मुक्काम सिद्ध होत नाही.

बुकिंग झाल्यावर

पुष्टीचा मेल आला म्हणजे झालं असं समजू नका. तीन-चार दिवसांनी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा पत्ता घेऊन साध्या इंग्रजीत एक मेल पाठवा. त्यात हे विचारा:

१. या क्रमांकाचं बुकिंग या नावांनी तुमच्याकडे आहे का
२. खोली अमुक माणसांची, अमुक पलंगांची आहे का
३. आम्ही अमुक वेळेला पोहोचू, तेव्हा रिसेप्शन उघडं असेल का
४. अनामत किती, कशी घेता
५. लिफ्ट, किटली, जे तुम्हाला लागेल ते

तिसरा प्रश्न लहान युरोपी हॉटेलांसाठी फार महत्त्वाचा. तिथे रात्री नऊ-दहाला रिसेप्शन बंद होतं आणि दाराचा कोड मेलने येतो. फोनवर इंटरनेट नसेल तर तो कोड तुम्ही वाचणार कसा? आधीच लिहून घ्या. भारतीय सिमवर ओटीपी यावे म्हणून इंटरनॅशनल रोमिंगही निघण्याआधी चालू करून ठेवा.

फसवणुकीचा एक प्रकार ओळखून ठेवा. बुकिंग साइटच्याच चॅटमध्ये, हॉटेलच्याच नावाने संदेश येतो: कार्ड पडताळता आलं नाही, चोवीस तासांत या लिंकवर माहिती भरा, नाहीतर बुकिंग रद्द. तुमचं नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर असतं, कारण हॉटेलचं खातंच कोणीतरी चोरलेलं असतं. लिंक उघडू नका. हॉटेलला फोन करा, किंवा साइटवर स्वतः लॉगिन करून बुकिंगची स्थिती बघा. खरोखर कार्ड बदलायचं असेल तर ते तिथेच बदलता येतं.

बुकिंगची छापील प्रत प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक. चीन, जपान, थायलंडला जाताना हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन स्थानिक लिपीतही छापा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता वाचता येईलच असं नाही. थायलंडचा ऑनलाइन प्रवेशफॉर्म भरताना मुक्कामाचा पत्ता लागतो, तेव्हाही हाच कागद समोर ठेवा.

काउंटरवर आणि निघताना

पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि जपान-इटलीसारख्या देशांत परदेशी पाहुण्याची नोंद ठेवणं हॉटेलला बंधनकारक आहे. प्रत काढू द्या, स्कॅन करू द्या, पण पासपोर्ट अनामत म्हणून ठेवून घ्यायला देऊ नका. आधार कार्डाचा तिथे उपयोग नाही.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी पलंग, नळ, एसी, तिजोरी, खिडकीची कडी बघा आणि आधीच तुटलेल्या वस्तूचा फोटो काढून लगेच कळवा. खोली बदलून मागायची ती तेव्हाच. एक रात्र झोपून सकाळी मागितली तर बहुधा मिळत नाही. मिनीबारमधल्या, म्हणजे विकतच्या खाऊ-पेयांच्या, काही फ्रिजना वस्तू उचलली की नोंद होणारे सेन्सर असतात, औषधं ठेवायला वस्तू बाहेर काढल्या तरी बिल लागतं. इन्सुलिन ठेवायचं असेल तर रिसेप्शनला सांगून फ्रिज रिकामा करून घ्या.

निघण्याच्या आदल्या रात्री बिल मागा, सकाळच्या रांगेत नको. न घेतलेली सेवा त्यात दिसली तर तिथेच काढायला लावा. अनामत सोडल्याची पावती किंवा मेल घ्या आणि घरी आल्यावर तीन आठवडे कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा. अडवलेली रक्कम मोकळी झाली नाही, किंवा नंतर काही वेगळंच कापलं गेलं, तर आधी हॉटेलला लिहा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर बिल, बुकिंग आणि मेलची प्रत जोडून बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवण्याची, तक्रार करा. तिला मुदत असते, म्हणून थांबू नका.